बिनपित्ताचे बांगडे

मयेकर सरांच्या घरी पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला पाणी मिळायच्या आधी एक प्रश्न मिळतो. "उंदराला पित्ताशय असतं का?"

माणूस गडबडतो. तो आलेला असतो गणपतीची वर्गणी मागायला, गॅसचं सिलिंडर पोचवायला, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला. उंदराच्या पोटात काय असतं आणि काय नसतं यावर विचार करायची पाळी आपल्यावर येईल असं त्याला कधी वाटलेलं नसतं. तो घाबरून "असेल" म्हणाला, तर सर म्हणतात, "चूक." "नसेल" म्हणाला, तरी "चूक." मग त्याला पडवीतल्या खुर्चीत बसवतात, रुमालाने चष्मा पुसत पुसत सांगतात, "मोठ्या उंदराला नसतं. छोट्या उंदराला असतं. दोघं एकाच माळ्यावर राहतात, एकाच पोत्यातला तांदूळ खातात. एकाला पिशवी आहे, एकाला नाही. आता बोला!"

वर्गणीवाले तर पावती न फाडताच निघून जातात.

मी त्यांच्या शेजारी राहते. माझं माहेर लांज्याचं. लग्न होऊन रत्नागिरीत आले. नवरा जहाजावर असतो, म्हणजे वर्षातले बरेच महिने तो समुद्रावर आणि मी विम्याच्या पॉलिसी विकत गावभर. या धंद्याने मला एक वाईट खोड लावली आहे. माणूस समोर बसला की तो काय लपवतोय हे मी आधी शोधते. डायबेटिस असलेला माणूस "साखर नको" म्हणत नाही, "चहा आत्ताच झाला" म्हणतो. छातीत कळ येऊन गेलेला माणूस जिना चढताना फोनवर बोलायला थांबतो. असली सगळी सोंगं मला पाठ आहेत. सरांकडेही मी पहिल्यांदा गेले ती पॉलिसी विकायलाच. दोन तासांनी बाहेर पडले तेव्हा पॉलिसी गेली नव्हती, पण घोड्याच्या यकृताबद्दल मला एवढी माहिती झाली होती की घोड्याचा विमा मी डोळे मिटून उतरवला असता. तेव्हापासून सर मला "विमाबाई" म्हणतात.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. पक्के डावखुरे. फळ्यावर लिहिताना त्यांची बाही मागोमाग सगळं पुसत जायची, त्यामुळे त्यांच्या वर्गातली मुलं जिल्ह्यात सगळ्यात भराभर लिहिणारी निघाली असं म्हणतात. अभ्यासक्रमात हृदय होतं, मेंदू होता, मूत्रपिंड होतं. सर ते सगळं उरकून घ्यायचे, घरातल्या पाहुण्यांचं आधी करून मग आपण निवांत जेवायला बसावं तसं. त्यांचा जीव होता पित्ताशयात. मुलं त्यांना "पित्तू सर" म्हणायची. सरांना ते कळलं तेव्हा त्यांनी वर्गात सांगितलं, "नाव चुकीचं आहे. पित्त यकृत बनवतं. पिशवी फक्त सांभाळते. म्हणायचंच असेल तर पिशवी सर म्हणा." मुलांचा सगळा उत्साह गेला.

"सगळा प्रश्न साठवणुकीचा आहे," हे त्यांचं पालुपद. आपल्या पोटात यकृत दिवसरात्र पित्त बनवत असतं. आपण मात्र जेवतो दोनदा. मधल्या वेळात त्या पित्ताचं काय करायचं? तर ही छोटी हिरवी पिशवी ते साठवते, त्यातलं पाणी शोषून घेते, आटवून दाट करते. तेलकट-तुपकट काही आतड्यात उतरलं की निरोप जातो, पिशवी आवळते आणि बरोबर तेवढं पित्त खाली सोडते. वाघ, कुत्रा, साप, म्हणजे जे कधीतरी खातात आणि एकदम खातात, त्यांना पिशवी हवीच. घोडा दिवसभर तोंड चालवतो, त्याचं पित्त आपलं थेंबथेंब गळत राहतं, साठवायचं कशाला? भेकराला नाही. कबुतराला नाही. डॉल्फिनलाही नाही. गेल्या सुट्टीत पुण्याची मंडळी होडीतून डॉल्फिन बघून आली आणि "काय सुंदर, काय सुंदर" करत सरांच्या फाटकापाशी उभी राहिली. सर म्हणाले, "सुंदर आहेच, पण आत पिशवी नाही." त्या मंडळींचा चेहरा पडला. आपल्याला अपुरा डॉल्फिन दाखवला असं त्यांना वाटलं असावं.

आमच्या आळीतल्या एका मुलाची वरात घोड्यावरून निघाली होती. नवरदेव नवखा, घोडा जरा हलला की डोळे पांढरे करायचा. सर गर्दीतून पुढे झाले आणि त्याच्या पायावर हात ठेवून म्हणाले, "बिनधास्त बस. याला पित्ताशयच नाही." सरांना वाटलं धीर दिला. घोडेवाला भडकला. भाडं पाडायला खोड काढतायत, असं त्याला वाटलं. "ओ साहेब," तो म्हणाला, "जनावर एकदम फिट हाय. सगळं हाय त्याच्यात. डॉक्टरला दाखवून आणलाय." सर म्हणाले, "डॉक्टरलाही सापडणार नाही." बँडवाले थांबले, वरात थांबली, आणि नवरदेव उतरून चालत मांडवात गेला.

एकदा मी त्यांना पेचात धरलं. म्हटलं, "सर, दिवसभर चरणाऱ्याला पिशवी लागत नाही म्हणता. मग शेळी? ती तर झोपेतही चरते. तिला का आहे?" मला वाटलं, आता चिडतील. सर खुर्चीतून उठले, आत गेले आणि हापूसची परडी घेऊन आले. माझ्या मांडीवर ठेवली. "शेळीला आहे, गाईला आहे, मेंढीला आहे," ते म्हणाले, "आणि का आहे ते मला ठाऊक नाही! हा प्रश्न विचारायला माझ्या वर्गाला अर्धं वर्ष लागायचं. काही वर्गांनी विचारलाच नाही." आपला सिद्धांत मोडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. जिराफाबद्दल तर ते नातेवाइकाबद्दल बोलल्यासारखे बोलतात. "त्याचं काही खरं नाही. कधी पिशवी असते, कधी नसते."

त्यांच्या पोटाची सोनोग्राफी झाली तेव्हाही हाच प्रकार. डॉक्टर मूत्रपिंड बघत होते, आणि हे मान वाकडी करून पडद्यावर आपलं पित्ताशय शोधत होते. रिपोर्टात त्यापुढे "नॉर्मल" लिहिलं होतं. सर आठवडाभर नाराज. "एवढी वर्षं मी त्याच्याबद्दल बोलतोय, आणि यांना त्याच्याबद्दल एकच शब्द सुचला."

माणसांचीही त्यांनी दोन गटांत वाटणी केलेली आहे. माझ्या सासूबाई ठिबकवाल्या: रोज थोडं थोडं बोलतात, मनात काही राहत नाही. मी पिशवीवाली. "तू साठवतेस, आटवतेस, आणि एखाद्या जड जेवणानंतर सगळं एकदम सोडतेस," असं सरांनी मला माझ्याच घरी, माझ्याच हातचं जेवून सांगितलं. मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते पुरावा म्हणून धरलं.

या माणसाशी संसार करणाऱ्या बाईबद्दल आता सांगते, कारण खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

काकी रत्नागिरीजवळच्या काळबादेवी गावच्या. मासे पकडणारं, मासे विकणारं घर. सर नवे नवे नोकरीला लागले होते तेव्हा प्रयोगशाळेसाठी नमुने गोळा करायला किनाऱ्यावर जायचे. आईशेजारी बसून मासे साफ करणाऱ्या एका मुलीला त्यांनी विचारलं, "या सुरमईचं पित्त न फोडता काढून द्याल का?" मुलीने वर न बघता पोटाला चीर दिली, एक बोट आत घातलं आणि लांबट हिरवी पिशवी अखंड काढून त्यांच्या बाटलीत टाकली. म्हणाली, "येवड्यासाठी कॉलेजात पगार देतात तुमाला?" सर सांगतात, "असे हात मी कुठल्या डॉक्टरचेही बघितले नव्हते." ती बाटली आजही त्यांच्या फडताळात देवादिकांच्या तसबिरींच्या खालच्या फळीवर आहे. आतलं हिरवं आता मातकट झालंय. लग्नाचा फोटो आहे कुठेतरी माळ्यावर.

काकी नवऱ्याला "मास्तर" म्हणतात. "प्राध्यापक," सर दुरुस्ती करतात. "तेच ते," काकी म्हणतात. त्यांच्या हातच्या तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीबद्दल मी काही लिहू नये. माझा नवरा जहाजावरून फोन करतो तेव्हा आधी माझी चौकशी करतो की त्या आमटीची, यावर आमचं भांडण झालेलं आहे.

मासा साफ करताना सगळी भीती एकाच गोष्टीची. पित्त फुटलं की संपलं. कितीही धुवा, मासा कडू तो कडूच. कोकणातल्या कुठल्याही बाईला विचारा, तिच्या हातून एकदा तरी ते फुटलेलं असतं आणि तो दिवस ती विसरलेली नसते. काकींच्या हातून मात्र कधी फुटलं नव्हतं.

ते फुटलं त्या दिवशी मी जेवायला होते. सरांची मुलगी सई पुण्याहून आली होती, बरोबर जावई आणि साताऱ्याचे व्याही-विहीण. काकींच्या हाताला त्याआधी काही महिने कंप सुटलेला होता. चहाची कपबशी वाजायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, वयाचं आहे म्हणाले होते. काकींनी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. पंगत बसली. मी पहिला घास घेतला आणि जिभेच्या मुळाशी कडू लागलं. विहीणबाईंनी पाणी मागितलं. जावई म्हणाला, "वेगळीच चव आहे, छान." सरांनी मुकाट्याने ताट पुढे करून आणखी आमटी मागितली. ती संपवली आणि पुन्हा मागितली. काकी शेवटी बसल्या. एक घास खाल्ला. आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, ताट बाजूला सारलं आणि उठल्या.

संध्याकाळी त्यांनी विळी घासली, पुसली, कागदात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. "झालं ता बस झालं," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्या घरात मासा शिजला नाही. वरण, भात, पालेभाजी, कुळथाची पिठी. सईने स्वयंपाकाला बाई ठेवू म्हटलं. "परक्या बाईच्या हातचं खायाचं तर मी हाटेलात जावन खाईन," काकी म्हणाल्या. मी म्हटलं, बाजारातूनच साफ करून आणू. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. कोळ्याच्या मुलीने परक्या हाताने कापलेला मासा घरात आणायचा म्हणजे काय, हे मला लांज्याच्या मुलीला कळायचं नाही, असं त्या बघण्यात होतं. बघता बघता त्या मिटत गेल्या. पडवीत येऊन बसेनात. फाटकावरून जाणाऱ्या कोळणीला हाक मारून भाव पाडणं बंद झालं. तो भांडणाचा आवाज आला नाही की आमच्या आळीला सकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

आणि सर? सर आपले पित्ताशयाबद्दल बोलतच होते. त्या बाईच्या तोंडासमोर. मला इतका राग आला होता या माणसाचा! जिचं सगळं त्या हिरव्या थेंबापायी गेलं तिच्यापुढे हा माणूस रोज त्याचेच गोडवे गातो. पिशवीवाली मी. साठवत होते, आटवत होते, जड जेवणाची वाट बघत होते.

मग एका सकाळी सर बांगडे घेऊन आले. अख्खे, न कापलेले, ताजे. मी काकींना दूध द्यायला गेले होते, म्हणून पुढचं माझ्या समोर झालं. सर पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाले, "अगं, एक गंमत आहे. यंदा माशांना समुद्रात भरपूर खाणं आहे. सारखे खातायत. त्यामुळे पित्त सगळं आतड्यात उतरतंय, पिशवी रिकामी. फुटायला आत काही नाहीच."

"असं कदी आयकलं नाय मी," काकी म्हणाल्या.

"कसं ऐकशील? नवं संशोधन आहे."

काकींनी एक बांगडा उचलून उलटापालटा करून बघितला. मग म्हणाल्या, "विळी काडून द्या मास्तर माळ्यावरची." सरांनी "प्राध्यापक" असं म्हटलं नाही. स्टूल घेतलं आणि चढले.

आमटी गोड झाली. दुसऱ्या खेपेलाही झाली. काकी पुन्हा पडवीत आल्या. हात तसाच कापत होता, पण कोळणीशी भांडण परत सुरू झालं. मीही खूश. फक्त माझी ती खोड. सरांनी "नवं संशोधन" म्हणताना चष्मा पुसला होता, आणि काच स्वच्छ होती. माणूस काहीतरी लपवतोय, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण सर अलीकडे येताजाता चष्मा पुसायचे. मोतीबिंदू होता दोन्ही डोळ्यांत. मला फाटकात बघून "या, पोस्टमन" म्हणाले होते एकदा. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणत, "पिकू दे अजून." आंब्याच्या गावात राहून माणसं डोळ्यालाही तोच नियम लावतात.

थोड्या दिवसांनी एका क्लाएंटकडून परतताना मी मासळीबाजारात शिरले. एका टोकाला बायकांचा घोळका हसत होता. मध्ये पालथ्या क्रेटवर सर. इस्त्रीचा सदरा, बाह्या कोपरापर्यंत वर, डाव्या हातात कॉलेजच्या प्रयोगशाळेतला लांब चिमटा. एक बांगडा अगदी डोळ्यांशी धरलेला. त्याचा कल्ला उचलून, आतला पातळ पडदा टोचून, पोटाला चीर न देता ते चिमटा आत सरकवत होते. हळूच ओढला तर टोकाला हिरव्या दोऱ्यासारखी पिशवी. खाली बाजारातली सगळी मांजरं शिस्तीत बसलेली.

ज्या शेवंतीकडून मी मासे घेते, ती कोळीण ओरडली, "सर, पेशंट वाचंल ना?"

"ऑपरेशन यशस्वी आहे," सर म्हणाले. "पुढचा घे."

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी नेहमीप्रमाणे मला ओळखायला वेळ लावला आणि मग चक्क लाजले. "विमाबाई," ते म्हणाले, "हे काकीला बोलायचं नाही."

"म्हणजे ते संशोधन?"

"पोटभर खाल्लेल्या माशाची पिशवी रिकामी असते, हे खरं आहे," सर घाईने म्हणाले. "शंभर टक्के खरं. फक्त सगळ्याच माशांनी रोज पोटभर खाल्लेलं असतं, हे खरं नाही. पहिल्यांदा तर सगळेच फोडले मी. शेवंतीने शिव्या दिल्या. आता जमतंय. बांगड्याची पिशवी लांबट, आतड्याला चिकटलेली असते, अवघड आहे." मग चिमटा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलांनी नमुन्यात लबाडी केली की मी मार्क कापायचो. पण ती विळीवर बसली नाही ना, तर घरात मला करमत नाही. पित्ताबद्दल मोठमोठ्याने बोलत बसायचो, निदान चिडून तरी उठेल म्हणून. नाही उठली. मग हे सुचलं."

मी महिनाभर आटवून ठेवलेलं सगळं तिथेच विरघळलं. नुसतं "बरं" म्हटलं आणि बांगडे घेऊन घरी आले. माझ्या वाट्याचे सरांनी साफ करून दिले नाहीत. म्हणाले, "तुझा हात कुठे कापतो?"

त्यानंतर मी गुपचूप बसले. काकींसमोर माशांच्या भुकेबद्दल सर नवी नवी माहिती द्यायचे आणि मी मान डोलवायची. काकी "असं व्हय?" म्हणायच्या. मला वाटायचं, किती सहज विश्वास ठेवते ही बाई!

गेल्या रविवारची गोष्ट. सर पडवीत पेपर नाकाला लावून बसले होते. काकींनी मला मागच्या दाराने हाक मारली. "ये गो बाय, जरा बस हतं."

त्या विळीवर बसल्या होत्या. ताटात बांगडे. त्यांनी एक उचलून पोटाला चीर दिली, दोन बोटांनी बाजू फाकल्या आणि मला दाखवलं. आत, आतड्यालगत, हिरवीगार, टम्म भरलेली पिशवी होती.

मोतीबिंदूने घात केला होता. आता ती फुटणार, आमटी कडू होणार आणि विळी परत माळ्यावर जाणार. मी म्हटलं, "काकी, द्या, मी काढते."

"गप बस," काकी म्हणाल्या. त्यांनी उजवं कोपर गुडघ्यावर टेकवलं. हात कापत होता. त्या नुसत्या थांबल्या. समुद्राकडे बघत होडीवाले लाट जाऊ देतात, तशा थांबल्या. कंप थोडा उतरला त्या क्षणी बोट आत गेलं, आणि पिशवी अखंड बाहेर आली. एक थेंबही सांडला नाही. त्यांनी ती तळहातावर घेतली. हात परत कापायला लागला होता, पण आता कापेना का.

"गेल्या काय दिवसांत एकादं ऱ्हातंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दिसत नाय त्यांना हल्ली."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"अगो बाय, मी किनाऱ्यावर जलमले. पोट न फाडता पित्त गेलेला मासा मला कळाचा नाय? कल्ल्याखालचा पडदा बग. फाटलेला हाय. आनि कुटच्या बाजूनं? आमच्या बाजारात डाव्या हातान काम करनारी येक बाई नाय."

माणसं काय लपवतात हे शोधून पोट भरणारी मी, आणि या दोघांनी मला मध्ये बसवून आमटी खायला घातली होती.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले तर ते थांबतील," काकी म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासून नुसते खुर्चीत बसून उंदरं-घोडी करायचे. आता सकाळी उटतात, दाडी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात, जातात. शेवंती सांगते, कुनी हसलं तरी चिमटा सोडत नायत. माज्यासाटी येवडं कुनी केलं नाय गो कदी. मी का मोडू?" त्यांनी डोळे पुसले, दंडाने, कारण हाताला माशाचं पाणी होतं. "पयल्या दिशीच कळलं. येक वाटलं, भांडावं. मग वाटलं, मास्तर खोटं बोलतात ते पन पित्ताबद्दल, म्हंजे माजी किती काळजी असंल. मग म्हटलं, विळी काडून द्या."

त्या तळहातावरच्या पिशवीकडे बघत होत्या. "पयल्यासारकं निगालं ना?" त्यांनी विचारलं.

"अगदी फडताळातल्या बाटलीसारखं," मी म्हटलं.

"तू एक काम कर. त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं बग. तू बोलून बोलून लोकांना मरनाचे पैसे भरायला लावतेस, डोळ्याचं तुला सोपं हाय. त्यांना सांग, दिसलं नाय तर संशोदन कसं करनार. तवर जी ऱ्हातील ती मी काडीन."

मी हो म्हटलं. डॉक्टरांची वेळ मी दुसऱ्याच दिवशी घेतली. सरांना पटवायला अजिबात वेळ लागला नाही, कारण डॉक्टरांना उंदराबद्दल विचारता येईल, असं मी सुचवलं. पण ते नंतरचं. तेव्हा पडवीतून पेपर घडी केल्याचा आवाज आला आणि मागोमाग सरांचा.

"काय गं? आजचे कसे निघाले?"

काकी उठल्या. मागच्या दाराशी जाऊन त्यांनी ती हिरवी पिशवी माडाच्या आळ्यात टाकली, हात धुतला आणि मोठ्याने म्हणाल्या, "रिकामे! सगळे रिकामे, सर!"

पडवीत सरांची खुर्ची करकरली. "मास्तर" सोडून दुसरं काही काकींच्या तोंडून त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

"प्रश्न साठवणुकीचा आहे," सर बाहेरून म्हणाले. काकी परत विळीवर बसल्या, आणि त्यांनी दुसरा बांगडा उचलला.